आधी अण्णांना सांगा, मग इसाराचं बोला

निफाड तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला मुख्य भाग देते.

«ताई, मी अंबडच्या एमआयडीसीत नोकरीला आहे. घरची अडीच एकर द्राक्षबाग अण्णा बघतात. त्यांचं वय ६४. मागच्या वर्षी एप्रिलच्या खरड छाटणीच्या सुमाराला त्यांच्या उजव्या टाचेवर काळा डाग दिसला. काटा मोडला असेल म्हणून सोडून दिलं. मग कुरूप असेल म्हणून मेडिकलमधून कॉर्न कॅप आणून लावली, एका दवाखान्यात कापूनही घेतलं. दिवाळीनंतर जखम चिघळली आणि जांघेत गाठ आली. नाशिकला तपासण्या केल्या तेव्हा मेलॅनोमा निघाला, त्वचेचा कॅन्सर. आता फुफ्फुसातही ठिपके दिसतात. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सांगितली आहे. दर पंधरा दिवसांनी एक इंजेक्शन, एका वेळचे दोन लाखांच्या आसपास. भावकीतले एक जण रस्त्याकडची एक एकर ३५ लाखांना घ्यायला तयार आहेत, इसार घ्या म्हणून मागे लागलेत. थोरला भाऊ म्हणतो विकू. माझी बायको म्हणते, पोरांचं काय? सातबारा अण्णांच्या नावावर आहे. त्यांना आम्ही आजाराचं नाव सांगितलेलं नाही, धसका घेतील म्हणून. जखम बरी होत नाही एवढंच त्यांना माहीत आहे. चुलतीने त्यांचं ताट-तांब्या वेगळा केलाय. धाकटी बहीण नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती, ती आईच्या मदतीला घरी येऊन बसली आहे. जमीन विकावी की नाही, एवढंच सांगा.»

सातबारा अण्णांच्या नावावर आणि आजार अण्णांना माहीत नाही, ही दोन वाक्यं तुम्ही लागोपाठ लिहिलीत. मग दुय्यम निबंधकांसमोर खरेदीखतावर सही कोण करणार? अण्णाच ना? ज्या माणसाने आयुष्यभर त्या मातीत पाय रोवले, त्याला त्यातली एक एकर कशासाठी जातेय हे न सांगता तुम्ही सही घेणार? आणि ते विचारतीलच. शेतकरी माणूस आहे, बांध हातभर सरकला तरी त्याच्या ध्यानात येतं. तेव्हा ऐनवेळी तुम्ही जे काही रचून सांगाल, त्याने बसणारा धसका कॅन्सरच्या नावापेक्षा मोठा असेल.

म्हणून इसाराला आज नाही म्हणा. कायमचं नाही असं मी म्हणत नाही, आज नाही. भावकीतला माणूस घाई करतोय याचा अर्थ त्याला भाव बरा मिळतोय. आजारपणात विकलेली जमीन निम्म्या-पाऊण भावात जाते हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. शिवाय जमीन वडिलोपार्जित असेल तर तिच्यात बहिणीचाही हक्क येतो. सोसायटीच्या कर्जाचा बोजा सातबाऱ्यावर असेल तर तो वेगळाच. हे सगळं एका आठवड्यात उरकायचं काम नाही.

आता अण्णांना सांगायचं कसं? घरात गोल बसून, आईने डोळ्याला पदर लावून नव्हे. त्यांना कॅन्सरच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि डॉक्टरांना आधी फोन करून सांगा की आज तुम्ही सांगायचं आहे. बहुतेक डॉक्टर हे काम नीट करतात. रुग्णाला किती ऐकायचंय ते आधी विचारतात आणि तेवढंच सांगतात. तुम्ही शेजारी बसा, मध्ये बोलू नका. आणि त्यांनी «मला घरी न्या, मला ही सुई नको» असं म्हटलं तर ते वेड्यासारखं बोलतायत असं धरून चालू नका. त्यांना तसं म्हणता येतं. कदाचित ते उलटही म्हणतील, «विका, मला नातवाचं लग्न बघायचंय». दोन्हींपैकी काय ते तुम्हाला आज माहीत नाही, कारण तुम्ही विचारलेलंच नाही.

पैशांकडे येते. तुमच्या एकराचे चाळीस गुंठे. ३५ लाखांच्या हिशोबाने गुंठा ८७,५०० रुपयांना पडतो. म्हणजे दर पंधरवड्याला अण्णांच्या शिरेतून सव्वादोन गुंठे जाणार. अख्खी एकर साधारण सतरा इंजेक्शनांत, आठ महिन्यांत संपते. हे भीती घालायला लिहीत नाही. थोरल्या भावाच्या डोक्यात «एक एकर विकली की अण्णा बरे» असा जो हिशोब बसलाय, तो हिशोब नाही, एवढं त्याला कागदावर मांडून दाखवा.

या इंजेक्शनांबद्दल खरं तेच सांगते. शरीराची प्रतिकारशक्ती कॅन्सरवर सोडण्याच्या या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, आणि ते वाया गेलेलं नाही. आधी असा पसरलेला मेलॅनोमा असलेले निम्म्याहून अधिक रुग्ण वर्षही काढत नसत. पुढे एका मोठ्या चाचणीत दोन इम्युनोथेरपी औषधं मिळून घेतलेल्यांपैकी ४३ टक्के लोक दहा वर्षांनी हयात होते. पण ते रुग्ण प्रामुख्याने गोऱ्या कातडीचे होते, उन्हाने होणाऱ्या मेलॅनोमाचे. अण्णांचा आहे तळव्याचा. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो आणि या औषधांना तो सहसा कमी दाद देतो. कमी म्हणजे अजिबात नाही असं नव्हे. काही जणांना चांगला गुण येतो. कोणाला येणार हे आधी सांगता येत नाही, खरी गोम तिथे आहे. औषध लागू पडलं तरी थायरॉइड, आतडी, यकृत, फुफ्फुस यांवर दुष्परिणाम होऊ शकतात आणि त्यांच्यासाठी वेगळं भरती व्हावं लागलं तर तो खर्च इंजेक्शनाच्या आकड्यात धरलेला नसतो.

म्हणून पैशाचा निर्णय अख्ख्या वर्षाचा घेऊ नका. पहिल्या स्कॅनपर्यंतचा घ्या. उपचार सुरू झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी स्कॅन करून गाठी वाढल्या, थांबल्या की आक्रसल्या ते बघतात. तोवर सहा-सात इंजेक्शनं, म्हणजे बारा-चौदा लाख. ही रक्कम ३५ लाखांपेक्षा वेगळी आहे आणि ती उभी करायचे मार्गही वेगळे असू शकतात. स्कॅन चांगला आला तर पुढचं बोला. गाठी वाढल्या असतील तर थांबायचं, हे आत्ताच, सगळ्यांच्या देखत आणि अण्णांच्या देखत ठरवा. त्या दिवशी रिपोर्ट हातात घेऊन कॉरिडॉरमध्ये उभं राहून ते ठरवता येत नाही. तिथे ज्याला जास्त अपराधी वाटतं त्याचंच म्हणणं खरं होतं, आणि दिवसभर नोकरीवर असणारा मुलगा नेहमीच जास्त अपराधी असतो. म्हणजे तुम्ही.

पहिलं इंजेक्शन घेण्याआधी डॉक्टरांना काही गोष्टी विचारा. पहिली, बायोप्सीच्या तुकड्यावर बीआरएएफ (BRAF) आणि सी-किट या जनुकांची तपासणी झाली आहे का? तळव्याच्या मेलॅनोमात काही रुग्णांना सी-किटमधला बदल सापडतो, आणि त्यातल्या काहींना इमॅटिनिब नावाची गोळी लागू पडते. ही गोळी आपल्याकडे जेनेरिक मिळते, इंजेक्शनाच्या मानाने कितीतरी स्वस्त. ग्लिवेक नावाने ती विकणाऱ्या नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी फेटाळला, तो निकाल तेव्हा ब्लड कॅन्सरच्या रुग्णांसाठी गाजला होता. अण्णांना ती लागू होईलच असं नाही, पण तपासणीच न करता बाग विकणं शहाणपणाचं नाही. दुसरी गोष्ट, कमी डोसबद्दल विचारा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी निव्होलुमॅब हे औषध नेहमीच्या डोसच्या अगदी छोट्या हिश्श्यात, तीन आठवड्यांतून २० मिलिग्रॅम, डोक्या-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांना देऊन पाहिलं आणि त्याचा फायदा दिसला. तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. तो मेलॅनोमाचा नव्हता, म्हणून तो पुरावा अण्णांना जसाच्या तसा लावता येत नाही, पण प्रश्न विचारायला हरकत नाही. तिसरी, औषध कंपन्यांच्या रुग्ण-साहाय्य योजना असतात, ठरावीक डोस विकत घेतले की पुढचे मोफत अशा धर्तीच्या. डॉक्टर आपणहून सांगतात असं नाही. विचारावं लागतं.

दुसरं मत घ्याच. मुंबईत परळला टाटा मेमोरियल आहे. त्यासाठी लगेच अण्णांना तिथवर ओढत न्यायची गरज नाही. टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिड या कॅन्सर रुग्णालयांच्या जाळ्याशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवा रिपोर्ट पाहून तज्ज्ञांचं मत देते. प्रत्यक्ष जायचं ठरलं तर बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक इथल्या लॅबमधून मागून घ्या, नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. पंचवटी एक्स्प्रेसने दादरला उतरलात की परळ जवळ. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला आणि सोबतच्या एका माणसाला रेल्वेच्या दुसऱ्या वर्गात आणि एसी चेअर कारमध्ये भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. दवाखान्याकडून ठरलेल्या नमुन्यातला दाखला घ्या. मुक्कामासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांना ठाऊक असते.

सरकारी योजनांत लोक सर्वांत जास्त चुकतात ते क्रमात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता रेशनकार्ड असलेल्या सगळ्या कुटुंबांसाठी आहे, पांढऱ्या कार्डासाठीही, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. पण ती कॅशलेस आहे. आधी मंजुरी, मग उपचार. रोख भरून नंतर पावत्या घेऊन गेलात तर पैसे परत मिळत नाहीत. म्हणून दवाखाना योजनेत आहे का ते आधी बघा आणि तिथल्या आरोग्यमित्राला औषधाचं नाव लिहिलेली चिठ्ठी दाखवून विचारा की हे पॅकेजात बसतं का. शस्त्रक्रिया, रेडिएशन, केमो यांची पॅकेजं आहेत, महागडं प्रत्येक इंजेक्शन त्यात असेलच असं नाही. नाशकात शालिमारला सरकारी संदर्भ सेवा रुग्णालय आहे, कॅन्सरचे उपचार तिथेही होतात. तिथे एकदा फाईल घेऊन जा, खासगीत आधीच नाव घातलं असलं तरी.

धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ एए खाली १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी १ लाख ८० हजार आणि दुर्बलांसाठी ३ लाख ६० हजार रुपये. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. द्राक्षवाल्याला हा दाखला मागायला लाज वाटते, कारण गावात बागायतदार म्हणून नाव असतं. पण अवकाळीत गेलेल्या हंगामाचं उत्पन्न तुम्हाला माहीत आहे आणि दाखला त्याच खऱ्या उत्पन्नाचा असतो, नावलौकिकाचा नव्हे. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही करा. तुमच्या पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार विम्याची वर्गणी, कापली जात असेल तर अवलंबितांत अण्णांचं नाव आहे का पाहा. त्यालाही अवलंबितांच्या उत्पन्नाची अट असते, बागेचं उत्पन्न त्यात आडवं येऊ शकतं. सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात विचारून मोकळे व्हा.

एवढं सगळं इंजेक्शनांबद्दल झालं. तुमच्या पत्रात खर्चाच्या वहीत न आलेला खर्च त्याहून मोठा आहे. आई रोज दोनदा पट्टी बदलते, तिची मजुरी कोणी लावली? अण्णा आजारी पडले म्हणून ऑक्टोबरच्या छाटणीला माणूस लावावा लागला असेल, विरळणीला आणि डिपिंगला, म्हणजे घड औषधात बुडवायला, सुरगाणा-पेठकडची मजुरांची टोळी सांगावी लागली असेल, आणि तिच्यावर लक्ष ठेवायला घरचं कोणी नसेल. फवारणी एक दिवस चुकली की घड जातो. तुमच्या बिनपगारी रजा. बहिणीचं वर्ष. या आजाराने घर जे पोखरतं ते असं, आणि यातला एकही रुपया दवाखान्याच्या बिलावर दिसत नाही. एक वही करा. त्यात हेही लिहा, अण्णांच्या समोर बसून. बागेचं काय करायचं ते त्यांना आजही तुमच्यापेक्षा जास्त कळतं. या वर्षी अडीच एकर झेपत नसेल तर एक एकर विकण्याऐवजी एक-दोन हंगाम बटाईने लावता येईल का, हा प्रश्न त्यांना विचारण्यासारखा आहे.

चुलतीचं ताट-तांब्याचं. कॅन्सर लागत नाही, ताटातून नाही, तांब्यातून नाही, जखमेच्या पाण्यातूनही नाही. हे तिला रागाने सांगू नका. वास येत असणार, आणि वासाला माणसं घाबरतात. चिघळलेल्या जखमेचा वास कमी करायला डॉक्टर मेट्रोनिडाझोल जखमेवर लावायला देतात, जेल किंवा भुकटी. आईच्या हातात हातमोजे द्या आणि डॉक्टरांना वासाबद्दल थेट विचारा, लाजू नका. वास कमी झाला की निम्मी माणसं आपोआप जवळ बसायला लागतात. वेदनेचंही तसंच. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या शुश्रूषेची, चौकशी करा. उपचार थांबल्यावर करायची ती गोष्ट आहे असं समजू नका, ती उपचारांसोबतच सुरू करता येते. मॉर्फिनचं नाव ऐकून दचकू नका, कॅन्सरच्या दुखण्यात योग्य देखरेखीखाली ते चांगलं औषध आहे.

डाग उशिरा कळला याचा दोष पत्रात तुम्ही उघड लिहिला नाहीत, पण तो ओळींमध्ये दिसतोय. त्वचेचा कॅन्सर आपल्याकडे एकूण कॅन्सरच्या एक टक्क्याहूनही कमी. त्यामुळे कुरूप समजून तो कापला जाणं ही गावोगाव होणारी गोष्ट आहे. जमैकाचा गायक बॉब मार्ले, त्याच्या पायाच्या अंगठ्यात नखाखाली हाच होता, १९८१ मध्ये तो छत्तिसाव्या वर्षी गेला. त्याच्याकडे पैसा, डॉक्टर, सगळं होतं. वेळेवर कापलेला छोटा डाग म्हणजे छोटी शस्त्रक्रिया आणि टाके. फुफ्फुसात गेलेला म्हणजे तुमच्या पत्रातला आकडा. मधला फरक सगळा टाचेकडे न बघण्याचा. तळव्याचा, तळहाताचा किंवा नखाखालचा काळा डाग वाढत असेल, रंगात कमी-जास्त असेल किंवा बरा न होणारा असेल, तर कॉर्न कॅप न लावता त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. घरातल्या सगळ्यांचे तळवे एकदा उजेडात बघा. जुन्या भाजल्याच्या डागावर अनेक वर्षांनी आलेली जखमही दाखवायची, तिथे वेगळ्या प्रकारचा त्वचेचा कॅन्सर होऊ शकतो.

आणि बहीण. ती का घरी आली? मुलगी म्हणून. तुम्ही दोघे भाऊ कामावर जाता आणि जखमेशेजारी तिची रवानगी झाली. तिला परत पाठवा. नर्सिंगला हजेरी बघतात, दोन-चार महिने बुडाले की परीक्षेला बसता येत नाही. प्राचार्यांना घरच्या आजारपणाचा लेखी अर्ज आणि अण्णांच्या रिपोर्टची प्रत या आठवड्यातच द्या. कॉलेज आरोग्य विद्यापीठाचं असेल तर ते विद्यापीठ नाशकातच, म्हसरूळला आहे. किती हजेरी भरून काढता येते ते कॉलेजकडून लेखी घ्या. तिच्या जागी आईच्या मदतीला सकाळची पट्टी थोरला भाऊ करील आणि संध्याकाळची तुम्ही. कशी करायची ते तीच दोघांना रविवारी शिकवेल.